कोयनेचे पाणी, माणदेशी मेंढ्या आणि जंतांचा विळखा

कोयनानगर - सह्याद्रीच्या कुशीतील कोयनानगरात वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेला जेमतेम शंभर किलोमीटरवर असलेल्या माण तालुक्यात हेच प्रमाण पाचशे मिलिमीटरच्या आसपास घुटमळते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील पशुपालनाची सारी मांडणी या एका फरकावर उभी आहे. कोयना खोऱ्यातील डोंगरांत राहणारे गवळी धनगर म्हशी आणि गायी पाळतात. मेंढरांचे मोठे कळप आढळतात ते माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत आणि कवठे महांकाळ या कमी पावसाच्या तालुक्यांत. सततच्या पावसात लोकर भिजते, खुरे कुजतात, हे त्याचे उघड दिसणारे कारण. दुसरे तितकेच मोठे कारण मेंढीच्या पोटात दडलेले असते आणि ते म्हणजे जंत.

जंतांना ओलावा लागतो. कोरड्या, तापलेल्या माळावर त्यांची अंडी आणि अळ्या तग धरत नाहीत. दख्खनी मेंढी आणि जत तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी माडग्याळ मेंढी दुष्काळी पट्ट्यात टिकली, त्यात या कोरडेपणाचाही वाटा आहे. आता मात्र हे चित्र पूर्वीसारखे राहिलेले नाही. कोयना धरणातून सोडलेले पाणी कराडला कृष्णेला मिळते. तेथून जवळच टेंभू येथे ते उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ आणि सांगोल्याकडे नेले जाते. दुष्काळी भागाला या पाण्याने जीवदान दिले. त्याचबरोबर कालव्याच्या कडेला, पाझराच्या ओलीत आणि बारमाही हिरव्या बांधांवर जंतांनाही नवा आसरा मिळू शकतो. अशा वेळी ‘पावसाळ्यापूर्वी एक आणि पावसाळ्यानंतर एक’ एवढ्याच हिशेबाने औषध पाजणे पुरेसे ठरत नाही. पाणी कोठे आणि किती काळ साचते, यावर जंत नियंत्रणाचे वेळापत्रक ठरवावे लागते.

रक्त पिणारा कृमी

मेंढ्यांना होणाऱ्या जंतांचे तीन ढोबळ प्रकार आहेत : गोलकृमी, पट्टकृमी आणि पानासारखे चपटे कृमी. गोलकृमींमध्ये सर्वांत घातक मानला जातो तो ‘हिमॉन्कस कॉन्टॉर्टस’. तो मेंढीच्या चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात राहतो. दोन ते तीन सेंटिमीटर लांबीच्या मादीच्या शरीरात रक्ताने भरलेले लाल आतडे आणि पांढरे गर्भाशय एकमेकांभोवती पिळलेले असते. त्यामुळे ती लाल-पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते.

एक कृमी दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घटवतो. हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु पोटात पाच हजार कृमी असतील, तर रोजचा तोटा पाव लिटरवर जातो. तीस किलोच्या मेंढीच्या अंगात एकूण रक्त असते जेमतेम दोन लिटर. त्यामुळे भर पावसाळ्यात वरकरणी धष्टपुष्ट दिसणारे कोकरूही काही दिवसांत दगावू शकते. अशा मेंढीच्या डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू आणि हिरड्या पांढुरक्या पडतात, ती कळपामागे रेंगाळते आणि जबड्याखाली पाणी उतरून सूज येते. या कृमीमुळे सहसा हगवण लागत नाही. त्यामुळे लेंड्या बांधीव आहेत म्हणून मेंढपाळ निश्चिंत राहतो आणि तेथेच फसगत होते. हगवण, खुरटलेली वाढ आणि निस्तेज लोकर ही लक्षणे आतड्यात राहणाऱ्या अन्य गोलकृमींची असतात. कोकरांच्या लेंड्यांत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले, तर ते पट्टकृमीचे असतात.

हिमॉन्कसची खरी ताकद त्याच्या प्रजननात आहे. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. पोटात पाचशे माद्या असल्या, तरी एकच मेंढी रोज किमान २५ लाख अंडी कुरणावर सांडत हिंडते. उबदार आणि दमट हवेत लेंडीतील अंड्यातून अळी बाहेर पडते आणि आठवडाभरात संसर्गक्षम होते. गवताच्या पात्यावरील पाण्याच्या पातळ थरातून ती वर चढते आणि चाऱ्याबरोबर पोटात जाते. पुढे सुमारे तीन आठवड्यांत तिचा पूर्ण वाढीचा कृमी होऊन पुन्हा अंडी सुरू होतात. म्हणूनच जूनमधील किरकोळ लागण सप्टेंबरपर्यंत कळपभर पसरते.

या साखळीत एक कच्चा दुवाही आहे. संसर्गक्षम अळीभोवती आवरण असल्याने तिला बाहेर काहीही खाता येत नाही. अंगातील साठवणीवर ती जगते. हवा जितकी उष्ण, तितकी ही साठवण लवकर संपते. उष्ण कटिबंधातील दमट कुरणावर बहुतेक अळ्या महिना-दोन महिन्यांत मरतात, तर कोरड्या माळावर त्याहूनही लवकर. पॅसिफिक महासागरातील टोंगा बेटांवर याच गोष्टीचा उपयोग करून शेळ्यांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. कुरणाचे दहा भाग करून प्रत्येक भागात साडेतीन दिवस चराई आणि नंतर महिनाभर विश्रांती दिली असता कृमींचा भार लक्षणीय कमी झाला.

भटकंतीतील शहाणपण

माणदेशातील मेंढपाळाकडे आखीव कुरणे नसतात. मात्र त्याची भटकंती नकळत हेच काम करत आली आहे. दिवाळीच्या सुमारास अनेक वाडे घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पावसाळा तोंडावर येताच माघारी फिरतात. वाटेत शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या जातात. रोज रात्री वाघर नव्या जागी लागते. लेंड्या नांगरटीच्या जमिनीत मिसळतात आणि त्या जागी मेंढ्या लगेच पुन्हा चरत नाहीत. अंड्यांतून अळ्या निघाल्या, तरी त्यांना पोट मिळत नाही.

चराऊ जमिनी आक्रसल्या, वनक्षेत्रांतील चराईवर बंधने आली, मुले शाळेत जाऊ लागली, तसे अनेक कळप एका जागी स्थिरावू लागले. एकाच ओढ्याकाठी, एकाच पडीक रानात महिनोन्‌महिने चरणाऱ्या कळपाला आपल्याच लेंड्यांतील अळ्या पुन्हा पुन्हा खाव्या लागतात. स्थिर कळपाला जंतांचा धोका अधिक असतो, तो यामुळेच.

पाणथळीचा धोका

यकृतात राहणारा पानाच्या आकाराचा चपटा कृमी हा पाण्याशी थेट बांधलेला आहे. आपल्याकडे त्याची ‘फॅसिओला जायगँटिका’ ही जात आढळते. त्याची अंडी लेंड्यांबरोबर पाण्यात जातात. त्यातून निघालेली अळी ‘लिम्निया’ जातीच्या छोट्या गोगलगायीच्या शरीरात शिरून वाढते. पुढे ती बाहेर पडून पाण्याकाठच्या गवतावर कवच करून चिकटते. पावसाळा सरल्यावर तळी आणि ओढे आटू लागतात आणि काठावर हिरवे, लुसलुशीत गवत उघडे पडते. मेंढ्या नेमक्या त्यावर तुटून पडतात. कोकणातील ओल्या भातखाचरांतही हाच धोका असतो.

पोटात गेलेले छोटे कृमी यकृत पोखरत पुढे सरकतात. त्यामुळे लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाली, तरी मेंढ्या खंगू लागतात त्या दीड-दोन महिन्यांनी, कळप ती जागा सोडून कधीच पुढे गेल्यावर. लेंड्यांत अंडी दिसायला तर तीन-चार महिने लागतात. म्हणून केवळ लेंड्यांच्या तपासणीवर विसंबता येत नाही. कळप कोणत्या पाण्यावर चरला होता, हे पशुवैद्याला सांगणे तितकेच आवश्यक असते.

गोलकृमींवर चालणारे प्रत्येक औषध या चपट्या कृमीवर चालत नाही. लेव्हामिसोल आणि आयव्हरमेक्टिन त्याच्यावर निरुपयोगी ठरतात. अल्बेन्डाझोल वाढीव मात्रेत फक्त पूर्ण वाढलेल्या कृमींना मारते. ऑक्सिक्लोझानाइडचा भरही प्रौढ कृमींवरच असतो. यकृत पोखरणाऱ्या लहान कृमींवर प्रभावी ठरते ते प्रामुख्याने ट्रायक्लाबेन्डाझोल. ‘जंताचे औषध पाजले तरी मेंढ्या मेल्या’ या तक्रारीमागे अनेकदा औषधाची अशी चुकीची निवड असते.

औषध हरते कसे?

थायाबेन्डाझोल हे आधुनिक कृमीनाशक १९६१ मध्ये आले आणि अवघ्या तीन वर्षांत, १९६४ मध्ये, अमेरिकेत त्याला दाद न देणाऱ्या हिमॉन्कसची नोंद झाली. भारतात मेंढ्यांतील अशा कृमींविषयीचा अहवाल १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे लेव्हामिसोल आले, १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन आले. आयव्हरमेक्टिनच्या शोधाला २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. तथापि, जगात जेथे जेथे या औषधांचा भरमसाट वापर झाला, तेथे प्रत्येक गटाला दाद न देणारे कृमी निपजले.

यामागील क्रिया साधी आहे. कळपातील असंख्य कृमींपैकी काही मोजके जन्मतःच औषध पचवणारे असतात. सर्व मेंढ्यांना एकाच वेळी औषध पाजले की बाकीचे कृमी मरतात, हे मोजके उरतात आणि पुढची पिढी केवळ त्यांचीच होते. कमी मात्रा दिली, तर अर्धवट प्रतिकार असलेले कृमीही वाचतात. वजनाचा अंदाज चुकतो, बाटली पुरवण्यासाठी औषध पातळ केले जाते, एकच स्वस्त औषध वर्षानुवर्षे वापरले जाते. या सर्व सवयी प्रतिकाराला खतपाणी घालतात.

भर उन्हाळ्यात सरसकट औषध पाजण्याची पद्धतही याच कसोटीवर तपासावी लागते. त्या वेळी माळावर अळ्या जवळजवळ नसतात. कृमींची सारी फौज मेंढ्यांच्या पोटातच, काही प्रमाणात सुप्तावस्थेत, दडलेली असते. अशा वेळी प्रत्येक मेंढीला औषध दिले, तर उरतात ते केवळ चिवट कृमी आणि पहिल्या पावसानंतर कुरणावर त्यांचेच राज्य सुरू होते. ‘औषध पाजा आणि लगेच स्वच्छ रानात न्या’ हा जुना सल्लाही याच कारणाने मागे पडत आहे. काही निरोगी मेंढ्यांना औषधाविना ठेवावे, म्हणजे औषधाला बळी पडणाऱ्या कृमींचा वंश टिकतो आणि चिवट कृमींची संख्या त्यांच्यात विरून जाते, असे आजचे परजीवीशास्त्र सांगते. राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनेही त्या राज्याच्या निमकोरड्या भागासाठी पावसाळ्याच्या मध्यापासून अखेरीपर्यंतच्या काळात वर्षातून एकाच नेमक्या मात्रेवर भर दिला. पाऊस कमी असलेल्या माणदेशासाठी हा विचार दखल घेण्याजोगा आहे.

पापणीचा रंग

कोणत्या मेंढीला औषध द्यायचे, हे ओळखण्याची सोपी रीत दक्षिण आफ्रिकेतील पशुवैद्यकांनी नव्वदच्या दशकात विकसित केली. फाफा मलान या पशुवैद्याच्या नावावरून तिला ‘फमाचा’ म्हणतात. डोळ्याची खालची पापणी उलटून आतील रंगाची तुलना पाच छटांच्या तक्त्याशी केली जाते. पहिली छटा लालबुंद, पाचवी पांढरीफटक. चौथ्या आणि पाचव्या छटेच्या मेंढ्यांना औषध अनिवार्य. तिसऱ्या छटेतील कोकरे, गाभण आणि नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या यांनाही ते देणे हिताचे असते. पावसाळ्यात ही तपासणी दर आठवड्या-पंधरवड्याला करावी लागते.

या पद्धतीमागे एक महत्त्वाचे निरीक्षण आहे. कळपातील बहुसंख्य कृमी मोजक्याच, साधारण वीस ते तीस टक्के मेंढ्यांच्या पोटात असतात. त्यांच्यावर उपचार केले की औषधाचा खर्च वाचतो आणि कुरणावरील अंडीही घटतात. मात्र ही रीत रक्त शोषणाऱ्या कृमींपुरतीच उपयोगी आहे. यकृतकृमी, उवा-गोचीड किंवा कुपोषण यांमुळेही पापणी पांढरी पडू शकते, हे विसरता कामा नये.

औषध लागू पडते की नाही, हे तपासण्याचा मार्गही उपलब्ध आहे. दहा-पंधरा मेंढ्यांच्या लेंड्यांतील प्रतिग्रॅम अंडी औषधाच्या दिवशी मोजायची आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा मोजायची. घट ९५ टक्क्यांहून कमी असेल, तर औषध निकामी होत असल्याची शंका घ्यावी. शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्यातील औंध येथील पशुरोग अन्वेषण विभाग या परिसराला जवळचे आहेत. ताज्या लेंड्या स्वच्छ पिशवीत, थंड ठेवून लवकर पोहोचवल्या, तरच मोजणी विश्वासार्ह ठरते.

फलटणचा प्रयोग

जंतांशी लढण्याचा आणखी एक मार्ग सातारा जिल्ह्यातच चाचपला गेला. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्था बनविहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केली. या संस्थेने ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या सहकार्याने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात जुळी कोकरे देणाऱ्या आणि जंतांना तोंड देणाऱ्या मेंढ्यांवर काम हाती घेतले. त्यासाठी बंगालच्या सुंदरबनातील गॅरोल ही लहानखुरी जात निवडण्यात आली. ही मेंढी दलदलीत, गुडघाभर पाण्यात चरते. पिढ्यान्‌पिढ्या जंतांच्या सान्निध्यात राहिल्याने तिच्यात उपजत प्रतिकार असावा, असा तर्क होता.

दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांशी गॅरोलचा संकर करून कोकरांची तुलना करण्यात आली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संकरित कोकरांच्या लेंड्यांत कृमींची अंडी कमी आढळली. वाढीचा वेग मात्र कमी भरला. गॅरोलमधील जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत आणून पुढे ‘नारी सुवर्णा’ ही जात विकसित करण्यात आली. जुळी कोकरे देणाऱ्या मेंढीवर अधिक ताण येतो, म्हणून तिला पोषण आणि जंत नियंत्रण अधिक काटेकोर लागते, हेही यातून अधोरेखित झाले. ज्या मेंढ्यांना वारंवार औषध द्यावे लागते, त्यांची पिल्ले पैदाशीसाठी न ठेवणे आणि नर निरोगी आईचाच निवडणे, एवढी निवड सामान्य मेंढपाळही करू शकतो.

कळपासाठी काही नियम

- पावसाळ्यात सकाळी दव उडाल्यावर कळप चरायला सोडावा. ओल्या गवताच्या शेंड्यावर अळ्या अधिक असतात.
- तळी, कालवे आणि भातखाचरांच्या काठची चराई टाळावी. पाणी शक्यतो हौदातून किंवा डोणीतून पाजावे.
- कोकरे आधी आणि मोठ्या मेंढ्या नंतर, या क्रमाने रान चारावे. विण्याच्या सुमारास मेंढीची प्रतिकारशक्ती घटते आणि तिच्या लेंड्यांतील अंडी वाढतात, हे लक्षात घ्यावे.
- औषधाची मात्रा गटातील सर्वांत जड मेंढीच्या वजनावर बेतावी आणि ते जिभेच्या मागच्या भागावर सोडावे. लेव्हामिसोलची अतिमात्रा घातक असते. गाभण काळाच्या पहिल्या महिन्यात अल्बेन्डाझोल टाळावे.
- कळपातील शेळ्यांना मेंढीची मात्रा अपुरी पडते. त्यांचे शरीर औषध लवकर बाहेर टाकते. त्यांची मात्रा पशुवैद्याकडून स्वतंत्र ठरवून घ्यावी.
- औषधानंतर दूध आणि मटणासाठी सांगितलेला प्रतीक्षाकाळ पाळावा.
- चारा आणि पेंडीतून प्रथिने मिळालेली मेंढी जंतांना अधिक चांगले तोंड देते. बाभळीसारख्या टॅनिनयुक्त पाल्याचाही काही उपयोग होतो. तो पूरक समजावा, औषधाला पर्याय नव्हे.
- बाजारातून आणलेली मेंढी औषध देऊन दोन आठवडे वेगळी ठेवावी आणि लेंड्यांची तपासणी करूनच कळपात सोडावी.

शेवटचा नियम विशेष महत्त्वाचा आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर असा गट देण्याची तरतूद झाली. अशा दूरवरून आलेल्या गटाबरोबर औषधाला दाद न देणारे कृमीही गावात येऊ शकतात. कळपांची ये-जा जितकी वाढेल, तितकी ही काळजी आवश्यक ठरते.

शहराशी संबंध

हे कृमी मटणातून माणसाला होत नाहीत. लागण झालेले यकृत कत्तलखान्यात बाद केले जाते, एवढाच त्याचा शहराशी थेट संबंध. माणसाला धोका पोहोचतो तो वेगळ्या वाटेने. मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढीचे गाठी असलेले यकृत, फुफ्फुस वा मेंदू कुत्र्याने कच्चे खाल्ले, तर त्याच्या आतड्यात छोटे पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे चारा-पाण्यात मिसळतात. त्यांतील एका कृमीमुळे मेंढीच्या मेंदूत गाठ होऊन ती एकाच दिशेने गोल फिरू लागते. दुसऱ्यामुळे माणसाच्या यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेली मोठी गाठ होते. म्हणून कुत्र्यांना कच्चे अवयव न घालणे, ते खोल पुरणे आणि कुत्र्यांनाही पशुवैद्याच्या सल्ल्याने प्राझिक्वान्टेल देणे हा जंत नियंत्रणाचाच भाग आहे.

ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये हिमॉन्कसविरोधी लस बाजारात आली. मात्र तिचे डोस हंगामात वारंवार द्यावे लागतात. महिनोन्‌महिने रस्त्यावर असणाऱ्या वाड्यांना ते पेलणारे नाही. माणदेशातील मेंढपाळाच्या हाती सध्या तरी मोजकीच औषधे आहेत. ती एकट्याच्या मालकीची नाहीत. एका कळपात निपजलेले चिवट कृमी पुढच्या मुक्कामी दुसऱ्याच्या रानात उतरतात आणि एकाने वाया घालवलेले औषध साऱ्यांसाठीच बाद होते. टेंभूचे पाणी शिवारात आल्याने पिके बदलली, तशीच जंतांची ठिकाणे आणि हंगामही बदलू शकतात. दर हंगामी लेंड्यांची तपासणी, पापणीवर नजर आणि गरजेपुरतेच औषध ही त्रिसूत्री पाळणाऱ्या कळपातच ही औषधे पुढेही काम देत राहतील.